एकवीस फेऱ्यांचं भूत

शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी मी शिवायला टाकलेला कोट न्यायला आले, तर माझेच पेशंट मला मागे रेटू लागले. "डॉक्टरीणबाई, सरका! महाराज दिसत नाहीत!"

महाराज स्टुलावर डोळे मिटून बसले होते आणि शिंप्याची पंधरा वर्षांची लेक त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होती. संध्याकाळी अभ्यासाला बसलं की तिच्या पायांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं, ती सारखी पाय झाडायची. महाराजांच्या मते पायांत नाचरं भूत शिरलं होतं. एकवीस फेऱ्या झाल्या. पाय शांत! लोकांनी हात जोडले.

"पण बसली की पुन्हा सुरू होतं," शिंपी रडकुंडीला आला.

"होणारच! भूत शाळेच्या बाकावरूनच आलंय. उद्याच शाळेतून तिचं नाव काढा."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. वार्षिक परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. माझं डोकं फिरलं.

मी तिला पंधरा मिनिटं खुर्चीत बसवलं. पाय वळवळू लागले. मग महाराजांना उठवून स्टुलावर कपडे अडकवायचा बिनडोक्याचा पुतळा ठेवला. "आता याच्याभोवती फीर."

"पोरखेळ आहे हा!" महाराज कडाडले. तोवर एकवीस झाल्या.

"शांत झाले," पोरगी म्हणाली.

"बघा, याला डोकंसुद्धा नाही, तरी महाराजांइतकाच गुण आला!"

दुकान खदखदून हसलं. महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

मी सगळ्यांना समजावलं. हा आजार आहे. बसलं की वाढतो, चाललं की थांबतो, संध्याकाळी जोर धरतो. सकाळी पाय शांतच असायचे, म्हणून तर महाराज सकाळी कधी फिरकत नसत. पुढे रक्त तपासलं, तर अंगातलं लोह पार तळाला गेलेलं. गोळ्या सुरू केल्या. दोन-अडीच महिन्यांनी पोरीने तीन तास बसून पेपर लिहिला.

"आधी का नाही सांगितलंस गं?" शिंप्याने विचारलं.

"वर्षभर सांगत होते, पप्पा. तुम्ही म्हणायचात, पाय हलवू नकोस, वाईट दिसतं. भूत म्हटल्यावर मात्र लगेच ऐकलंत."

"चुकलंच माझं," शिंपी म्हणाला. मलाही वाईट वाटलं, कारण आपण सगळेच असे आहोत. पोर दुखतंय म्हणालं, की त्याच दिवशी ऐका आणि डॉक्टरला दाखवा. त्यासाठी घरात भूत यायची गरज पडू नये.