साहेबाच्या मोटारीचा भोंगा

उत्तरेश्वर पाटावर बसला तेव्हाच केसरबाईंनी ओळखलं, की आज स्वारीचं काहीतरी बिनसलंय. एरवी भाकरी तव्यावर असतानाच ताट पुढं ओढणारा माणूस आज वरणात नुसतं बोट फिरवत बसला होता.

"एवढं तोंड पाडायला झालं तरी काय?"

"त्या भोंग्यानं आज अब्रू घालवली माझी!"

निजामी अंमलातली ही गोष्ट. उत्तरेश्वर केज तालुक्यात देवी टोचायच्या कामावर होता. हे काम करणारे बाकीचे लोक तट्टावर नाहीतर पायी हिंडत. ह्याच्याकडं मात्र फटफटी होती. बदली होऊन हैदराबादला गेलेल्या एका डॉक्टरांनी जाता जाता आपली म्हातारी फटफटी ह्याच्या हवाली केली होती. चढावर ती धापा टाकायची, उतारावर ऐकायची नाही. तिचा भोंगा रबरी फुग्याचा. फुग्याला तडा गेला होता, त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. फुगा दाबला की थेट बकरीसारखा आवाज निघायचा, ब्यँऽऽ!

त्या दिवशी कचेरीच्या दारात चार अंमलदार उभे होते. ह्यानं वाट मागायला भोंगा दाबला, तर साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार मोहनराव मोठ्यानं म्हणाले, "अरे, बघा बघा, कुणाची बकरी सुटली!" सगळी कचेरी खो खो हसली. अगदी पाणी भरणारा भिस्तीसुद्धा.

केसरबाई म्हणाल्या, "हसू द्या की. तुमीच सांगत होता ना, गावोगावची पोरं ह्याच आवाजावर धावत येत्यात म्हणून? सुई टोचायला येणाऱ्या माणसाकडं पोरं पळत यावीत, ही काय थोडी गोष्ट हाय?"

"पोरं येतात. पण माणसं उठून उभी राहत नाहीत."

"उभी कशाला राहावीत? बसूनबी टोचता येतंय की!"

उत्तरेश्वर हसला नाही. वरण तसंच सोडून उठला. मानाची हाव हा मोठा वाईट आजार, आणि त्याच्यावर कुठल्या सरकारनं अजून लस काढलेली नाही.

केजच्या बाजारात शफीचं दुकान होतं. शिवणयंत्रं, कुलपं, सायकली, जे मोडेल ते शफी दुरुस्त करी. त्याच्याकडं एका बड्या साहेबाच्या मोडीत निघालेल्या मोटारीचा विजेचा भोंगा पडून होता. काळा, पितळी तोंडाचा, नारळाएवढा. उत्तरेश्वरची नजर त्याच्यावर गेली ती हटेचना.

"बसवता येईल का रे, शफी?"

"बसंल की, साहेब. पर तुमच्या फटफटीला वीजच न्हाई. बॅटरी लागंल."

मग शफीनं मन लावून काम केलं. बॅटरीसाठी लाकडी खोकं करून ते बैठकीखाली चामडी पट्ट्यानं आवळलं. पुढच्या दांडीवर लोखंडी पट्टी ठोकून भोंगा कसला. सुती वेष्टणाची तार फटफटीच्या सांगाड्याच्या कडेकडेनं नेली आणि जागोजाग डांबर लावलेल्या चिंधीनं बांधली. डाव्या मुठीजवळ एक बटण आलं. जुना फुगा काढून त्यानं खुंटीला अडकवला.

उत्तरेश्वरनं बटण दाबलं.

काय तो आवाज! कुंभाराची गाढवं उधळली. शेजारच्या चहावाल्याच्या हातातली कपबशी खाली पडून फुटली. आणि समोरच्या चावडीतला शिपाई घाईघाईनं कमरेचा पट्टा आवळत बाहेर धावला आणि सलाम ठोकून उभा राहिला! उत्तरेश्वरची छाती वीतभर फुगली.

शफी मात्र कपाळाला आठी घालून म्हणाला, "साहेब, ह्यो आवाज इकडच्या मुलखानं लई ऐकलाय. उगा कुनी घाबरंल."

"घाबरू दे की जरा!" उत्तरेश्वर म्हणाला आणि फटफटीवर बसला.

माघ महिन्यात तो पिंपळदऱ्याला निघाला. बालाघाटाच्या कुशीतलं लहानसं गाव. तिथली सगळी पोरं मागच्या फेरीला टोचून झाली होती. राहिली होती ती एकटी छबु. त्या वेळी तिच्या अंगात ताप होता, म्हणून त्यानं तिच्या आजीला सांगितलं होतं, "बायनाबाई, पुढच्या खेपेला पहिली हिची पाळी."

छबु पाच वर्षांची. आईबाप नव्हते, आजी, एक शेळी आणि चार कोंबड्या एवढंच तिचं गोत. फटफटीचा आवाज आला की सगळ्यांच्या पुढं पळत यायची ती हीच. "काका, म्या वाजवू?" म्हणून दोन्ही हातांनी फुगा दाबायची, आणि ब्यँऽऽ झालं की हसून हसून मातीत बसायची. तिच्यासाठी म्हणून लसीची एक काचेची नळी त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. ही लस उन्हात टिकत नाही, म्हणून टोचायचं ते त्याच दिवशी, असा नियम.

गावाच्या अलीकडच्या वळणावर त्यानं बटण दाबलं. आवाज डोंगरावर आदळून परत आला. त्याला इतकी मजा वाटली, की वेशीपर्यंत त्यानं बोट काढलं नाही.

गावात शिरला, तर गाव रिकामं! चुली धुमसत होत्या, दारं सताड उघडी. एक पोर पुढं आलं नाही. चावडीपुढं पाटील विठ्ठलराव तेवढे पागोटं सावरत हात जोडून उभे होते. फटफटीवर कोण आहे ते दिसलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"तुमी व्हय! आमाला वाटलं, साहेबांचा दौरा आला."

"गाव कुठं गेलं, पाटील?"

"रानात पळालं. भोंगा ऐकला ना."

आता खरं सांगायचं तर ह्या एका वाक्यात उत्तरेश्वरला सगळं कळलं होतं. साहेबाचा दौरा आला की वेठ येते, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गाड्या, बैल, दूध, कोंबड्या, माणसं, जे दिसेल ते ओढून न्यायचं आणि दाम मागायचा नाही. त्या भयानं लोक पळाले, हे त्याला कळलं. आणि कळूनही, वाचकहो, त्याला बरं वाटलं! पाटलांनी स्वतः घोंगडी अंथरली, गरम दूध पुढं केलं, "घ्या साहेब" म्हणाले. आजवर ह्याच गावात त्याला कुणी पाट दिला नव्हता.

"बायनाबाईच्या नातीला टोचायचंय. कुठं आहे ती?"

"गेली आसंल वढ्याकडं. दिवस मावळला की येतील समदी. थांबता का?"

थांबायला काय हरकत होती? काहीच नाही. पण दिवसाउजेडी केजला पोचायचं होतं, कचेरी सुटायच्या आत. पेशकार मोहनरावांच्या कानाशी एकदा तो भोंगा वाजवायचा होता! "पुढच्या फेरीला बघू," असं म्हणून तो उठला. वाटेत लसीची नळी उन्हानं वाया गेली ती त्यानं नाल्यात टाकून दिली. कचेरीपुढं भोंगा वाजला. ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

चैत्रात पिंपळदऱ्यात देवी निघाल्या.

बातमी आली तसा उत्तरेश्वर सगळं टाकून धावला. बटणाला हात लावायचं त्याला सुचलंच नाही. गावात टोचलेली पोरं धडधाकट खेळत होती. पाटील त्याच्याशी नीट बोलेनात. नुसतं एका घराकडं बोट दाखवलं. दाराला लिंबाचा डहाळा बांधलेला होता.

आत अंधाऱ्या कोपऱ्यात छबु गोधडीवर बसली होती. फोड वाळले होते, खपल्या धरल्या होत्या. जीव वाचला होता. पण दारातून आत आलेल्या माणसाकडं तिनं मान वळवली ती भलतीकडंच. दोन्ही डोळ्यांवर पांढरं फूल पडलं होतं.

"कोन हाय गं आजी?"

बायनाबाई उठली, आणि उत्तरेश्वर मागं सरायच्या आत तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सायेब, माझीच चूक झाली. तुमी माझ्या लेकराच्या भल्यासाठी आलतात, आन् म्याच तिला घेऊन पळाले!"

"उठा, बायनाबाई, उठा..."

"त्या भोंग्यानं माजा घात केला, सायेब. मागं असाच वाजला, तवा माजा लेक गाडीबैल घिऊन वेठीला गेलता. बैल वाटंत मेला, लेक तापानं फणफणत आला तो उठलाच न्हाई. ह्या पोरीचा बाप त्यो. म्हनून त्या दिवशी भोंगा वाजला तशी शेळी सोडली, पोरीला काखंत मारली, आन् वढ्याच्या निवडुंगात जाऊन बसले." तिनं पदरानं डोळे पुसले. "ही पोरगी म्हनत व्हती, आजी, फटफटी वाजतीया, बकरीवालं काका आल्यात. म्याच म्हनलं, गप! आपल्या काकांची बकरी आसं वरडत न्हाई. आन् तोंडावर हात दाबून धरला तिच्या."

उत्तरेश्वरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी शिव्या दिल्या असत्या, काठी घातली असती, तर सोसलं असतं. पण ज्या म्हातारीचं सगळं गेलं, तीच त्याच्या पाया पडत होती! गप्प राहणं सोपं होतं. गावातलं कुणी कचेरीत जाऊन बोलणार नव्हतं, आणि म्हातारी तर सगळा दोष आपल्याच पदरात घेऊन मोकळी झाली होती. क्षणभर त्याच्या मनात तसं आलंही. त्या क्षणाची लाज त्याला पुढं जन्मभर पुरली.

तो जमिनीवर बसला.

"बायनाबाई, चूक तुमची नाही. तो भोंगा मी हौसेनं बसवून घेतला होता. तुम्ही भिऊन पळालात हे मला त्या दिवशीच कळलं होतं. तरी मी थांबलो नाही. चावडीवर दूध पिऊन निघून गेलो."

बायनाबाई सरकून त्याच्या समोर आली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "कावून, बाबा? कावून बसवलास?"

"लोकांनी मान द्यावा म्हणून."

"आरं, मान व्हता की तुला! माजी पोरगी जेवन टाकून तुज्याकडं पळायची. तुज्या सुईची भीती न्हाई वाटली तिला, आन् तुला भीतीच पायजे व्हती?" आता तिचा आवाज चढला. "वाट मागाया कितीसा आवाज लागतुया? गाईच्या गळ्यातली घाटी वाजली तरी मानूस सरतंय. मान्साला रस्त्यावरनं पळवून लावाया मातर लई आवाज लागतुया. ह्यातलं काय कराया निगाला व्हतास, ते तुजं तूच बग."

कोपऱ्यातून छबु म्हणाली, "काका, तुमची बकरी मेली का?"

तेव्हा मात्र त्या धडधाकट माणसाला हुंदका आवरला नाही!

दुसऱ्या दिवशी तो शफीच्या दुकानात गेला. "भोंगा काढ."

शफी चपापला. "काय साहेब, कामात काय खोट ऱ्हायली का?"

"तुझ्या कामात नाही." आणि त्यानं बसल्या बसल्या सगळं सांगितलं, काही न लपवता. शफीच्या हातातला पाना तसाच राहिला.

"लाहौलविला... म्या बोललो व्हतो साहेब, पर जोर लावून न्हाई बोललो. गिऱ्हाईक हाय म्हनून गप ऱ्हायलो." त्यानं मान खाली घातली आणि कामाला लागला. तारा सोडवल्या, पट्टी काढली. "दारूचा एक गुत्तेदार मागतोय हा भोंगा. देऊ?"

"नको. आधी ह्याच्या आतला आवाजाचा पडदा काढ."

शफीनं पितळी तोंड उघडून आतला पातळ पत्रा काढला आणि ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चेपला. खुंटीवरचा ठिगळाचा फुगा झटकून पुन्हा दांडीवर चढवला. दाबून बघितला. ब्यँऽऽ! ह्या वेळी दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

त्यानंतर उत्तरेश्वर पिंपळदऱ्याला गेला तो सकाळीच. वेशीवर फुगा दाबला. आधी कुणीच आलं नाही. एकदा मोडलेला विश्वास असा हाकेसरशी परत येत नसतो. तो पिंपळाखाली फटफटी लावून बसून राहिला. पार उन्हं कलली, तेव्हा एक पोर डोकावलं, मग दुसरं. आणि सगळ्यांच्या मागून बायनाबाई आली, छबुला हाताला धरून.

छबुनं हात पुढं करून चाचपडत फटफटी शोधली. कुठल्या पत्र्यानं बोट कापू नये म्हणून उत्तरेश्वरनं तिचा हात धरून फुग्यावर ठेवला. तिनं दोन्ही हातांनी दाबला आणि हसून मातीत बसली. पोरं हसली. बायनाबाईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. उत्तरेश्वरला मात्र मान वर करता आली नाही.

बंधुभगिनींनो, ते राज्य गेलं, ती वेठही गेली. पण तुमच्या-आमच्या गाड्यांवरचे भोंगे दर साली मोठेच होत चाललेत. दवाखान्याच्या दारात, शाळेच्या वळणावर, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीशी आपण बटण दाबून धरतो, आणि लोक बाजूला झाले की आपल्याला मान मिळाला असं वाटतं. तो मान नव्हे, ती भीती आहे. रस्ता सगळ्यांचा. त्यावरून जाताना "मी येतोय, सांभाळा" एवढं सांगण्यापुरता आवाज पुरे. त्याहून वरचा आवाज आपल्या अहंकाराचा असतो. आणि भिऊन पळणाऱ्या माणसांत आपलीच वाट बघणारं कुणी लेकरू असेल, हे भोंगा वाजवणाऱ्याला दिसत नाही.

उत्तरेश्वर पुढं म्हातारपणी निवृत्त होईपर्यंत त्याच फटफटीवर हिंडला. तालुका त्याला बकरीवाला म्हणायचा. फुगा दोनदा फाटला, दोन्ही वेळा त्यानं नवा घेतला नाही, ठिगळच लावून घेतलं. आवाज बदलला असता, तर छबुला तो ओळखू आला नसता.