पिळलेला टॉवेल

डॉक्टरीणबाईंनी मागितलं होतं ते अगदीच किरकोळ. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि रोज सकाळी उठून अंघोळ करायची, बस्स. "सगळ्या आयुष्याचा विचार नको, आत्ता बादलीपुरतं बघा," असं त्या म्हणाल्या होत्या. पण धाकटीला ती बादलीच उचलवत नव्हती.

खाली ताईची लाँड्री, वर दोघी बहिणींचं घर. एकेकाळी गिऱ्हाइकं धाकटीच्याच हातची इस्त्री मागायची. आता दोघींचं काम ताई एकटी ओढत होती आणि धाकटी वर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. खालून वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट ऐकू आला की तिचं मन तिला खायचं.

चहाला वर आली की ताई विचारायची, "झाली का गं अंघोळ?" नाही म्हटलं तर रागवायची नाही, नुसती हसायची. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं धाकटीला वाटे. शेवटी तिने एक युक्ती काढली. ताई यायच्या आधी उठायचं, टॉवेल नळाखाली धरायचा, पिळून दोरीवर टाकायचा आणि "झाली" म्हणून मोकळं व्हायचं. मोकळं कसलं! ताईचा चेहरा खुलायचा आणि धाकटी चहा तसाच ठेवून भिंतीकडे वळायची. आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाला आपण रोज फसवतो, या विचाराने तिला स्वतःचीच किळस यायला लागली.

एके दिवशी जिन्यात कुणीतरी ताईकडे तिची चौकशी केली. "आता रोज उठते हो!" ताई केवढ्या कौतुकाने म्हणाली. दाराआड उभ्या धाकटीने ते ऐकलं. ताई आत आली तशी ती रडायलाच लागली.

"ताई, मी एकदाही अंघोळ केलेली नाही. टॉवेल नुसता भिजवते."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"अगं वेडाबाई, अंग पुसलेला टॉवेल कुणी पिळतं का? तोही असा करकचून? सगळा जन्म लाँड्रीत गेला आपला. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? त्याआधी तू पाठसुद्धा उचलत नव्हतीस. खोटं बोलायला का होईना, उठत तरी होतीस. मी बोलले असते आणि तेही थांबलं असतं तर?" ताईने कप पुढे सरकवला. "आणि जिन्यात मी 'उठते' एवढंच म्हटलं. अंघोळ करते असं कुठे म्हटलं?"

धाकटीला हसू आलं, आणि हसू आल्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी बादली भरली. तोंड धुतलं, पाय धुतले, आणि तेवढ्यातच सगळं बळ संपलं. टॉवेल तसाच दोरीवर टाकून ती खाटेवर बसून राहिली.

ताई वर आली. सवयीने तिचा हात टॉवेलकडे गेला. आज त्याला पीळ नव्हता, एक कोपरा तेवढा दमट होता.

"फक्त तोंड आणि पाय," धाकटी खालमानेने म्हणाली. "बाकी नाही जमलं."

ताईने टॉवेल ओढून तोंडाशी धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. ताईलाही रडू येत असेल, हे धाकटीच्या इतके दिवस ध्यानातच आलं नव्हतं. ती उठली आणि ताईजवळ जाऊन उभी राहिली. टॉवेल परत दोरीवर गेला, तेव्हा त्याचा दुसरा कोपराही ओला होता.