बापूजींचं शहाण्णव

कोविडच्या दुसऱ्या लाटेत सरकारने मला फोनवर बसवलं. मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवतो. शाळा बंद म्हणजे मास्तर रिकामा, आणि रिकामा मास्तर ज्याच्या डोळ्यांत खुपत नाही असं एकही सरकारी खातं नाही. आमच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत चार टेबलं मांडली आणि दारावर 'कमांड सेंटर' असा कागद चिकटवला. आत एकच पंखा होता, तोही बंद. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

घरीच विलग राहिलेल्या रुग्णांना रोज सकाळी नऊपासून फोन करायचा, एवढंच काम. माझ्या यादीत चाळीस नावं होती. फॉर्म हिंदीत होता. ताप, खोकला, ऑक्सिजन, नाडी असे रकाने, आणि सगळ्यात शेवटी 'मरीज स्वयं बोला, हाँ / नहीं'. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला की गाडी मागवायची. ती रुग्णाला छिंदवाड्याला न्यायची, नाहीतर नागपूरला.

पहिल्या आठवड्यात यादीतलं कोणी दगावलं की मी दुपारी जेवत नव्हतो. दुसऱ्या आठवड्यात जेवायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात मनात यायचं, चला, उद्या एक फोन कमी. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझी बायको वंदना दाराशी ताट ठेवून आत जायची, मी बाहेरच्या खोलीत एकटा जेवायचो. विचारलंच असतं तिने, तरी काय सांगणार होतो? आत काही हलतच नव्हतं.

यादीत पहिलं नाव बापूजींचं. बाजारात त्यांचं चपलांचं दुकान. पांढुर्ण्यातल्या निम्म्या पोरांच्या पायात पहिले शाळेचे बूट त्यांनीच चढवलेले, माझ्याही. वय अडुसष्ट, बारा वर्षांची साखर. मुलगा वैभव पुण्यात अडकलेला. घरात फक्त ते आणि प्रेमलताकाकू. आशा कार्यकर्ती सुमनने दारातूनच गोळ्या आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर देऊन ठेवलं होतं.

ठीक नऊला मी फोन लावायचो. काकू पहिल्या घंटीला उचलायच्या.

"सर, ताप नाई. ऑक्सिजन शहाण्णव, नाडी चौऱ्याहत्तर. सकाळी चहा-पोळी खाल्ली."

"बापूजी काय करून राहिले?"

"झोपून राहिले."

संपला फोन. बाकीच्या घरी कोणाला मशीन सापडायचं नाही, कोणी मलाच शिव्या द्यायचं, कोणी रडायचं. मोहगावच्या एका बाईने तर काढा किती उकळायचा हे विचारत मला अर्धा तास धरून ठेवलं होतं. काकूंचा फोन म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. मी आकडे लिहायचो, शेवटच्या रकान्यात 'हाँ'वर खूण करायचो आणि पुढच्या नंबराला लागायचो. बापूजी एकदाही बोलले नव्हते. पण 'नहीं' लिहिलं तर दुपारी पुन्हा फोन करावा लागे.

तिसरा दिवस शहाण्णव. पाचवा सत्त्याण्णव. सातवा शहाण्णव.

आता माझ्याबद्दल एक सांगतो. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा आमच्या तहसिलीत नाही. दोन पोरांचं उत्तर सारखं आणि बरोबर आलं तर मी काही म्हणत नाही. सारखं आणि चूक आलं की दोघांना उभं करतो. एकसारखेपणा दिसला की मला आपोआप वास येतो. इतरांचे आकडे मी रोज पाहत होतो. सातव्या-आठव्या दिवशी धडधाकट पोरांचेही आकडे घसरत होते. आणि अडुसष्ट वर्षांचा, साखरेचा माणूस शहाण्णववरून हलत नव्हता. मला वास यायला हवा होता. आला नाही. खरं सांगायचं तर, मी येऊ दिला नाही.

नवव्या दिवशी काकू बोलत असताना मागून घरघर ऐकू आली. लांब, मध्येच अडकणारी.

"हा आवाज कायचा, काकू?"

"कूलर हाये, सर. जुना झाला."

"आमचाही असाच वाजते," मी म्हणालो आणि आकडे लिहिले.

मे महिन्याचं ऊन होतं. सगळ्यांचेच कूलर वाजत होते.

बाराव्या दिवशी ठीक नऊला फोन लावला. काकूंनी पहिल्या घंटीला उचलला. मी पेन टेकवून शहाण्णवचा नऊ काढलासुद्धा.

"ब्याण्णव," काकू म्हणाल्या.

"किती?"

"ब्याण्णव. नाडी एकशे दहा."

मी सरळ बसलो. "काकू, घाबरू नका. मी गाडी बोलावतो. बापूजीले उठवून बसवा."

"बापूजी पहाटे चारला गेले, सर."

मागे काहीच वाजत नव्हतं. कूलर नव्हता. मला तेव्हा कळलं की तो कधीच नव्हता.

"मंग हे ब्याण्णव?"

"माह्यं हाये. आठवडा झाला, माह्यंच होतं." त्या एकेक शब्दाला दम घेत होत्या, पण आवाज रोजचाच होता, चहा-पोळी सांगतानाचा. "त्यायचं पाचव्या दिवशीच नव्वदवर आलं होतं. मी फोन लावून राहिली होती तुमाले. त्यायनं हात जोडले माह्यापुढं. आमच्या भूपेंद्रले गाडीत नेलं होतं ना नागपूरले, तो मोबाईलवरच दिसला मंग, चितेवर जळताना. हे म्हणे, मले त्या गाडीत बसवू नको. मंग मी माह्यं बोट लावत गेली."

भूपेंद्र म्हणजे बापूजींचा धाकटा भाऊ. त्याचं नावही माझ्याच यादीत होतं. गाडी मीच मागवली होती.

त्यांना रागवायचा हक्क मला कुठून आला असता? त्यांनी सात वेळा आकडा खोटा सांगितला होता. मी अकरा वेळा लिहिलं होतं की रुग्ण स्वतः बोलला. एकदाच म्हटलं असतं, काकू, बापूजींना फोन द्या, तर दोन शब्दांतच त्यांचा दम कळला असता. मला राग आला तो माझाच, आणि तोही फार वेळ टिकला नाही. पुढे एकोणचाळीस नंबर होते.

"पहाटे चारला गेले, तर कोणाला का नाही सांगितलं? शेजारी हिरामण आहे, वैभवला फोन..."

"हिरामणचं दार ठोठावलं. त्यानं उघडलं नाई, लेकरंबाळं हायेत त्याच्या घरी. वैभवले सांगून तो काय उडून येते? मले माहीत होतं तुमचा फोन नऊले येते. रोज येते. मंग बसली वाट पाहत."

चारपासून नऊपर्यंत. पाच तास. मी त्या वेळात उठलो होतो, आंघोळ केली होती, वंदनाने ठेवलेले पोहे खाल्ले होते, गार झाले म्हणून कुरकुर केली होती.

मी दोन गाड्या मागवल्या. एक काकूंसाठी, एक बापूजींसाठी. फॉर्ममध्ये एकाच गाडीचा रकाना होता, म्हणून दुसरी समासात लिहिली.

"गाडी येऊन राहिली, काकू. दार उघडं ठेवा."

"उघडंच हाये. पण मी नाई जात. तुमी लिहा ना शहाण्णव."

"नाही लिहू शकत."

"काहून? अकरा दिवस लिहिलं."

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, लांब, मध्येच अडकणारा. आता मला तो ओळखता येत होता. मग त्या म्हणाल्या, "खरंच हाये. शहाण्णव दाखवाले आता घरात दुसरं बोटच नाई."

मी गाडी येईपर्यंत फोन ठेवला नाही. बाकीचे एकोणचाळीस तसेच राहिले. त्या दिवशी ते कोणी केले, मला माहीत नाही. सुमनने नंतर सांगितलं की बापूजींची गाडी गल्लीच्या टोकाशी दिसेनाशी झाली, तेव्हाच काकू आपल्या गाडीत चढल्या, आणि ऑक्सिमीटर बोटाला तसंच होतं.

काकू छिंदवाड्याला सतरा दिवस राहिल्या आणि वाचल्या. आता दुकानात त्याच बसतात. जूनमध्ये लेकाचे बूट घ्यायला मी तिथेच जातो. त्या त्याचा पाय हातात घेऊन माप बघतात, मला किंमत सांगतात आणि मी देतो.

फॉर्म कोणी तपासले नाहीत. जिल्ह्याच्या कुठल्यातरी कपाटात ते असतील. कागदावर बापूजी अकरा दिवस ठणठणीत होते, रोज सकाळी नऊला स्वतः माझ्याशी बोलत होते, आणि बाराव्या दिवशी वारले. बाराव्या दिवशीही मी शेवटच्या रकान्यात खूण केली, सवयीने, 'हाँ'वर. ती खोडावी म्हणून पेन उचललं, आणि लक्षात आलं की आज पहिल्यांदाच ती खरी आहे. मरीज स्वतः बोलली होती. मी ती तशीच ठेवली.