कथलाखालचं नाव

खाली भैय्यालालचं पितळी भांड्यांचं दुकान आहे आणि वर माझी खोली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी भंडाऱ्यात जुनी नाणी आणि पदकं साफ करते, खरी की खोटी ते सांगते. बहुतेक खोटीच निघतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहून लोक कंपनी सरकारची म्हणून देवाचा छाप असलेली नाणी आणतात. ती तांदूळ ओढतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. मी ताटलीत तांदूळ घेते, वर नाणं धरते. तांदूळ हलत नाहीत. माणूस उठून जातो आणि मी तांदूळ परत डब्यात ओतते. पुष्कळ दिवशी माझं माणसांशी बोलणं एवढंच होतं.

"खुशबू मॅडम, आज किती जनाइचं मन मोडलं?" भैय्यालाल खालून ओरडतो.

मार्चमध्ये आसगावहून बायजाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. पदराची गाठ सोडून त्यांनी एक पदक माझ्यासमोर ठेवलं.

"माह्या बापाचं आहे, पोरी. मंगरू नाव. दुसऱ्या लढाईत गेला तो आलाच नाही. मी रांगत होती म्हने तवा."

चौदा एप्रिलला गावच्या विहारात सैनिकांच्या नावांचा दगड बसणार होता.

"लोक म्हनतेत, मंगरू कायचा लढाईत जाते, बाई ठेवून नागपूरले राहिला. कमिटीवाला म्हने, आजी, सबूत आना. मले मागं-पुढं कोनी नाही. हेच आहे."

मी वजन केलं, चुंबक लावून पाहिला, मग भिंग घेतलं. ओतीव नकलेवर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. इथे नव्हते. पदक खरं होतं. आपल्याकडच्या सैनिकांना मिळालेल्या या पदकांच्या कडेला बहुधा इंग्रजीत नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मी कड उजेडात तिरकी धरली. ती आरशासारखी गुळगुळीत होती.

"आजी, हे घासता का?"

"मंग! दरसाल. चौदा एप्रिलले अन् धम्मचक्र दिनाले. चिच लावतो, विटेची भुकटी लावतो. लोट्यावानी चमकते पाह्य."

"नाव कडेवर होतं. ते घासून गेलं."

बायजाबाई आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिल्या.

पण एक जागा उरली होती. पदकाची मूळ कडी तुटली होती. गळ्यात घालता यावं म्हणून बायजाबाईंच्या आईने पवनीच्या सोनाराकडून दुसरी कडी बसवून घेतली होती. सोनाराने कथील वितळवून डाग दिला तो नेमका खालच्या कडेला, म्हणून पदकावरचं इंग्रज राजाचं डोकं उलटं लटकत होतं. नाव खालच्याच बाजूला येतं. त्या कथलाखाली विटेची भुकटी कधी पोचली नसणार.

"डाग काढून पाहता येईल. पण जे निघेल तेच सांगेन."

"सांग ना. त्याच्याचसाठी आली."

तापल्यावर कथील पाघळलं, कडी निघून आली. राहिलेलं कथील मी हळूहळू टिपून घेतलं. खाली अक्षरं होती, अगदी ताजी. मी मंगरूचा एम शोधत होते.

"सुखर. पुढचं गेलंय," मी म्हणाले. "मंगरू नाही, आजी."

खाली कोणीतरी घागरीचा पोचा ठोकत होतं. त्यांनी पदक आपल्याकडे ओढून घेतलं.

"सुखराम. आमच्या बाजूच्या घरचा. त्यानंच तर आनून देल्लं आईले. म्हने, मंगरूचं आहे, सरकारनं पाठवलं."

"ते होते लढाईत?"

"सांगे. लोक हासत. म्हनत, गेला होता त बिल्ला दाखव. तो चूप बसे. लगन नाही केलं, लेकरू नाही. मेला तवा पानी पाजाले आम्हीच."

"एवढ्या अक्षरांवरून तेच सुखराम, असं ठरत नाही. सुखराम पुष्कळ असतील."

"तुयं नसन ठरत. माहं ठरलं." मग त्यांनीच विचारलं, "म्हंजे माहा बाप नाही गेला?"

"गेले नाहीत, असंही यावरून ठरत नाही."

"लोक त ठरवतीन." त्यांनी सुटलेली कडी उचलली. "हे परत झाकता येते?"

"येतं."

कडी त्यांनी मुठीत धरली, उघडून पाहिली, पुन्हा धरली. मी डाग देण्याची कांडी हातात घेऊन नुसती उभी होते. त्यांनी झाक म्हटलं असतं तर मी झाकलं असतं.

"नोको," शेवटी त्या म्हणाल्या. "कमिटीले सांगीन, सुखरामचं टाका. त्याच्यासाठी सांगनारं दुसरं कोन आहे?"

"आणि मंगरूचं?"

"त्याचं कोठून टाकतीन आता."

मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. पवनीची एसटी लागली होती. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आई म्हने, तो लय उंच होता. दारातून वाकून येये. ते त खरं असन ना?"

ते तपासायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"असेल," मी म्हणाले, आणि कंडक्टरने घंटी मारली.