तुळजाबाईच्या दारात रडणारा टँकर

भर बारा वाजता, पाय पोळवणाऱ्या मातीत, सगळं गाव टँकरभोवती हात जोडून उभं होतं. टँकरला चारही बाजूंनी पिवळ्या चादरी बांधल्या होत्या. त्यांच्याआड, गाडीच्या पोटाखाली, धोंडीराम महाराज उताणे पडून मंत्र म्हणत होते. बाहेर फक्त त्यांचे दोन पाय दिसत होते. तेवढ्यालाही बायका कुंकू लावून गेल्या होत्या.

"तोंडं फिरवा रे! बाधा बाहेर पडताना जो बघंल, त्याचे डोळे जातील!" आतून आवाज आला.

गावानं तोंडं फिरवली. ड्रायव्हर त्रिंबकनंही फिरवली. खरं तर गाडी त्याच्या ताब्यातली, आत काय चाललंय हे बघायचा पहिला हक्क त्याचा.

थोड्या वेळानं महाराज काळेकुट्ट हात घेऊन बाहेर आले. "बाधेचं रगत!" म्हणत त्यांनी ते हात गर्दीला दाखवले. मग त्रिंबक गाडीत बसला, टँकर गावाच्या कडेच्या उतारावरून तुळजाबाईच्या दारापुढून खाली गेला, आणि चमत्कार झाला. महिनाभर तिथं रडणारी गाडी आज हूं की चूं न करता निघून गेली. लोकांनी महाराजांना खांद्यावर घेतलं.

ही गाडी मुळात गावच्या दूध सोसायटीचा जुना ट्रक. सत्त्याऐंशी साली शिमग्याआधीच विहिरी आटल्या, जनावरं छावणीवर गेली, दूध संपलं. तेव्हा चेअरमन विठ्ठलरावांनी ट्रकवर पाण्याची टाकी बसवली. सिरसाळ्याच्या बाजूनं रोज दोन खेपा यायच्या आणि त्यावर गाव जगायचं. आणि नेमकी तुळजाबाईच्या दारात आली की गाडी रडायची. "हूंऽऽ ऊंऽऽ" असा लांबलचक, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा आवाज.

तुळजाबाई विधवा, साठीची. मुलगा आणि सून ऊस तोडायला कर्नाटकात गेलेले. एकटी बाई, तोंडानं फटकळ, आणि दाराशी गाडी रडते. गावाला आणखी काय पाहिजे?

"ही बाई आत बसून गाडीचं पाणी शोषती," महाराजांनी सांगितलं होतं. "हिचा हंडा भरला की बाधा परत गाडीत शिरंल. हिला थेंब द्यायचा न्हाई!"

विठ्ठलरावांनी मान डोलावली. सोसायटीची गाडी का कुरकुरते, या प्रश्नाला एवढं स्वस्त उत्तर त्यांना दुसरीकडे मिळालं नसतं.

त्रिंबकला मात्र रात्रंदिवस आतून कुरतडत होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथून चाकांना मिळते. ड्रायव्हर लोक त्याला हौशिंग म्हणतात. त्यातलं तेल ठरावीक काळानं बदलावं लागतं. पण आधीच्या ड्रायव्हरनं एका खंडेनवमीला त्या गोळ्याच्या दोन बुचांना शेंदूर फासला, दुसऱ्या वर्षी पुन्हा फासला, आणि बुचांचे देव झाले. त्रिंबकनंही तेच चालवलं. देवाला पाना कोण लावणार? चार वर्षं दर अमावास्येला त्यानं त्या बुचांना नारळ वाढवला आणि तेल एकदाही बदललं नाही. आवाज तिथूनच येत असणार हे त्याला कळत होतं. पण बोललो तर गाडी हातची जाईल, या भीतीनं त्यानं एका म्हातारीचं पाणी तोडू दिलं. याला नुसती भीती म्हणणं बरोबर नाही. हा नीचपणा होता, आणि त्यालाही ते माहीत होतं.

तुळजाबाई रांगेत आली की बाया हंडे आवळून बाजूला व्हायच्या. एकदा केसरबाईनं तिची कळशी लाथेनं उडवली आणि लगेच घरी जाऊन पाय धुतला, तेही टँकरच्या पाण्यानं. तुळजाबाई नदीच्या वाळूत हातानं झिरा उकरून वाटी-वाटीनं पाणी भरायला लागली. तिची नखं गेली. आठव्या दिवशी शेळी मेली. तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण महाराजांनी सांगितलं होतं की करणी उलटली की आधी जनावर जातं.

त्या विधीनंतर बाराव्या दिवशी गाडी पुन्हा रडली. आधीपेक्षा दुप्पट.

"कुणीतरी हिला पाणी दिलं!" महाराज गरजले. "आता हिला अमावास्येला येशीभाईर काढा. न्हाई तर गाडी उलथंल, लेकरं मरतील!"

अमावास्येला तुळजाबाईचा धाकटा भाऊ रामहरी तिला न्यायला आला. तो एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मिस्त्री. भरलेल्या टँकरभोवती गाव जमलेलं, बहीण बोचकं घेऊन उन्हात उभी. रामहरीनं सगळं ऐकून घेतलं आणि त्रिंबककडे वळला.

"उतारावर ॲक्सिलेटरवरचा पाय काढतोस का रे?"

"काढतोच की," त्रिंबक खाली मान घालून म्हणाला.

"चेअरमन, तुमच्या बंगल्याफुडं बी उतार हाय ना? तिकडं टँकर कधी जातो?"

"आमचं बोअर हाय. टँकर कावून येईल तिकडं?" विठ्ठलराव म्हणाले.

"मंग आज येऊ द्या."

गाव टँकरमागं चालत गेलं. बंगल्याच्या उतारावर रामहरी ओरडला, "काढ पाय!" आणि गाडी चेअरमनच्या दारात गळा काढून रडली.

"काय हो," रामहरी म्हणाला, "तुमच्या घरात कोण चेटूक करतंय? वैनी का तुमी सोता?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज लगबगीनं पुढे आले. "करणी पसरली! म्या सांगितलंच हुतं!"

"पसरू द्या. गाडी आत्ताच पळालीय, तेल गरम हाय, चांगलं वाहील," असं म्हणत रामहरी गाडीखाली शिरला. जाताना चादर मागितली नाही. उलट म्हणाला, "सगळ्यांनी वाका अन् बघा. डोळे गेले तर माझ्याकडनं भरून घ्या."

वाकलेल्या गावाला त्यानं आधी वरचं बूच दाखवलं. शेंदराचा थर नखाएवढा जाड, पण कडेनं फुटलेला, आणि खाली पान्याचे ताजे वण. "आधी वरचं उघडायचं. तेच निघालं न्हाई तर नवं तेल कुठनं भरशील? तुमच्या म्हाराजांना बरोबर ठावं हाय हे." मग त्यानं खालचं बूच काढलं. घमेल्यात डांबरासारखं तेल पडलं, कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. तेलात लोखंडाचा चकचकीत कीस होता आणि ओल्या भुशाचे गोळे होते.

"भस्म हाय ते! मंतरलेलं!" महाराज म्हणाले.

रामहरीनं एक गोळा चोळून तळहातावर पसरला. "भस्म म्हंजी राख. ह्यो सुताराच्या कारखान्यातला भुसा हाय, बघा, लाकडाचं धागं. जुन्या गाड्यांचे दलाल विकायच्या आधी भरतात. झिजलेल्या दात्यांमधी भुसा बसतो, आठ-दहा दिस आवाज दबतो, तवर गिऱ्हाईक गाठायचं. कोणत्या दलालाकडं हुता हो म्हाराज?"

 गर्दी बघत राहिली आणि महाराज विठ्ठलरावांच्या जीपमागून जे सटकले, ते कुणाला पुन्हा दिसले नाहीत.

हौशिंगात घालायच्या नव्वद नंबरच्या तेलाचा डबा सोसायटीच्या गोदामातच निघाला, सीलबंद, धुळीनं माखलेला. वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत रामहरीनं भरलं आणि बूच आवळलं. तुळजाबाईच्या उतारावर गाडी थोडी गुणगुणली, बस. "दाते झिजलेत, तेवढं ऱ्हाईल," तो म्हणाला. "तेल येळेवर बदललं असतं तर हेबी झालं नसतं."

मग खरी गंमत झाली. केसरबाई ओटीचं ताट घेऊन धावत आली आणि तुळजाबाईच्या पायावर पडली. "तुझ्या तळतळाटानंच गाडीचे दात झिजले गं माय! तू साधीसुधी न्हाईस, देवी हायस!" मागोमाग सगळं गाव वाकलं. विठ्ठलरावांनी टोपी काढली.

तुळजाबाईनं ताट हातानं परत सारलं. नखं नसलेली बोटं सगळ्यांना दिसली.

"उठा. काल चेटकीण हुते, आज देवी! उद्या पाऊस पडला न्हाई तर परत माझ्याच दारात याल, दगडं घेऊन. माझ्यात काय बी न्हाई. गाडीचं तेल सडलं हुतं. आवाज आला तर गाडीखाली वाकून बघा की रे, बाईच्या घरात कावून बघता?"

 तेवढ्यात टाकीचा नळ सुटला आणि देवीला तिथंच सोडून गाव हंडे घेऊन पळालं. तुळजाबाई रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा नळातून चार थेंब पडले आणि हवा यायला लागली. भोवती भरलेले दोनशे हंडे होते. एकही तिच्या हंड्यात कलंडला नाही.

त्रिंबक तिच्यापुढे आला. म्हणाला, "मावशी, मला ठावं हुतं. पयल्या दिसापासून ठावं हुतं. उद्याची पयली खेप तुमच्या दारात आणतो."

तुळजाबाईनं रिकामा हंडा काखेला लावला. "उद्या तू तेल तपास," ती म्हणाली. "तान मला आज लागलीय."