वेंडेलिनचे शेवटचे भाषण

मित्रांनो, मी जर्मनीतल्या माइन्झ शहरातले एक जुने ओकचे पिंप आहे. तरुणपणी माझ्या पोटात ऱ्हाइनकाठची वाइन असायची. पुढे मी गळू लागलो, तेव्हा पिंपे बांधणाऱ्या फाइटने मला पुढून कापले, आत पायरी बसवली आणि हिवाळ्यातला हसण्याखिदळण्याचा उत्सव भरवणाऱ्या कार्निव्हल मंडळाला देऊन टाकले. आमच्याकडे विनोदी भाषण पिंपात उभे राहूनच करतात, तेही यमके जुळवून. विनोद जमला की वाजंत्री तुतारी फुंकतात.

मग एका हिवाळ्यात वेंडेलिन शोर माझ्यात पहिल्यांदा चढला. तो मंडळासाठी विनोदी नाटकेही लिहायचा. वीस हिवाळे त्याने सभागृह हसवले. आपले भाषण आधी कुणाला कळू द्यायचे नाही, हा आमचा रिवाज. वेंडेलिन मात्र तालमीला एकाच माणसाला बसवायचा. तो शाळेपासूनचा दोस्त ओटमार.

"नगराध्यक्षाच्या टोपीचं कडवं कापू का रे?"

"कापून तर बघ, गाढवा! तेच तर लोणी आहे," ओटमार डोळे पुसत म्हणायचा.

मग एका वर्षी वेंडेलिन साठीचा झाला. छाती दुखायची. हे शेवटचे भाषण, म्हणून त्याने सहा महिने ते घासले होते. उत्सवाच्या रात्री वक्त्यांच्या यादीत ओटमारही होता; तो तिसरा, वेंडेलिन पाचवा.

ओटमार चढला. पहिल्याच ओळीला माझ्या लोखंडी पट्ट्या आवळल्यासारख्या झाल्या. टोपीचे कडवे, सासूचे, शेवटचे हळवेसुद्धा, सगळे वेंडेलिनचे! लोक बाकांवर उभे राहिले. घरी ही कडवी घासली जाताना ऐकलेली वेंडेलिनची बायको गेर्लिंडे पडद्याआड त्याला कुजबुजली, "अहो, हे तर तुमचं!"

वेंडेलिनची पाळी आली. त्याने माझा काठ घट्ट धरला.

"माझं भाषण आत्ताच झालं. ओटमारने चोरलं."

सभागृह खो खो हसले. तुतारी वाजली.

"अहो, खरं सांगतोय मी!"

आणखी हशा, आणखी तुतारी. सर्वांत मोठ्याने ओटमार हसत होता. वेंडेलिन उतरला, तो पुन्हा कधी माझ्यात चढला नाही.

आता ओटमार मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने मला झकास रंगवून घेतले. लोक म्हणतात, "पिंपाला किती जपतो हो!" तो रंग मला टोचतो. सगळ्या तालमी मी ऐकल्या होत्या, पण पिंपाची साक्ष कोण घेणार?

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. कुणी विश्वासाने आपले कच्चे लिखाण ऐकवले, तर ते त्याचेच राहू द्या. आणि हसवणारा माणूस कधी खरे बोलू लागला, तर हसू आवरा, त्याचे ऐकून घ्या.