बबोंडअळी

सत्यशीलाबाईंनी ‘बोंडअळी’ टाईप केलं आणि कीबोर्डचं एक बटन उडून समोर बसलेल्या रामधनच्या मांडीवर पडलं. त्यानं ते अदबीनं टेबलावर ठेवलं.

“बाई, माह्या अर्जातलं हाय का हे?”

दारव्ह्याच्या तहसीलसमोरच्या टिनाच्या शेडमध्ये मोडलेला हा तिसरा कीबोर्ड. सव्वीस वर्षं बाईंनी टाईपरायटरवर चार कार्बन उमटतील अशी बोटं आपटली होती. संगणक आला, पण हातांना ते पटलं नाही. त्यात त्या हिवाळ्यात बोंडअळीनं कापूस खाल्लेला. भरपाईच्या अर्जांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

“मी बनवतो,” त्यांचे यजमान भीमराज म्हणाले. एसटीच्या आगारातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातलं एकही बटन न उघडता सोडलं नव्हतं.

सागवानाची पेटी आणि दणकट बटनं जमली. अडलं ते आतल्या सर्किट बोर्डावर. पहिला बोर्ड दिवा छान लावायचा, पण संगणक त्याला कीबोर्ड मानेना. दुसरा अंगठ्याएवढा, त्याला संगणकानं लगेच ओळखलं. शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला पूनमसिंग हसला.

“भाऊ, एवढ्याशा बोर्डानं काय होते? मोठा मागवा.”

“तुले नाही समजत त्यातलं.”

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून भीमराजांनी आठ दिवसांत प्रोग्राम बसवला. जावयाचं करावं तसं ते त्या बोर्डाचं कौतुक सांगत फिरले.

पहिला अर्ज पुन्हा रामधनचाच. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला.

“बाई, ही बबोंडअळी कोणती? नवीन आली का?”

रांग हसली. पूनमसिंग सगळ्यात मोठ्यानं.

“म्हटलं नव्हतं? बोर्ड खराब हाय!”

“बोर्डाले बोलू नको,” भीमराज तडकले.

कीबोर्ड घरी नेऊन त्यांनी स्वतः एका बोटानं अख्खं पान टाईप केलं. एकही अक्षर दुहेरी नाही. सकाळी तो पुरावा घेऊन ते शेडमध्ये आले आणि बाईंच्या शेजारी स्टुलावर बसले. बाई टाईप करत होत्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण बाईंचे हात भीमराजांनी इतक्या जवळून पाहिले नव्हते. उजव्या हाताचं बोट बटनावर पडायचं, उचलताना किंचित थरथरायचं आणि पुन्हा टेकायचं.

भीमराजांनी पानाची घडी करून खिशात घातली.

एका बटनावरचे दोन ठोके किती जवळ आले तर एकच धरायचे, ते प्रोग्राममध्ये लिहिलेलं होतं. बाई जेवायला गेल्या तेव्हा त्यांनी पाच मिलिसेकंदांच्या जागी नव्वद केले. मग पूनमसिंगच्या दुकानात गेले.

“तू म्हणे तेच खरं. बोर्डच खराब होता. बदलला.”

पूनमसिंगनं ही बातमी रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवली.

दुपारी बाईंनी तीन अर्ज काढले. बोंडअळी एकेरीच राहिली. त्यांनी पेटी किंचित उचलली, खालच्या फटीतून आतला तोच अंगठ्याएवढा बोर्ड पाहिला आणि पेटी परत ठेवली.

“तो खराब बोर्ड कुठं हाय?”

“फेकला,” भीमराज पंख्याकडे पाहत म्हणाले.

बाईंनी उजवा हात मांडीवर घेतला. डाव्या हातानं तो थोडा वेळ दाबून धरला.

“फेकाले नव्हता पाह्यजे,” त्या म्हणाल्या. “गुणाचा होता.”

आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.